कच्चं

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये
तोतारामकाका अंगठ्यानं केळं दाबतात :
"उद्या दुपारी."
मी आयोडीनचा थेंब टाकते.
काळंनिळं. स्टार्च तसाच,
अमायलेजचं बरंच काम बाकी.

"एमेस्सी झाली. मंग आता काय होशीन तू?
रक्त तपासशीन, का शिकवशीन?"
त्यांच्या हिशेबात तिसरा कप्पा नाही.
माझ्याही नाही, खरं तर.
जळगावला डिपार्टमेंटच्या बोर्डावर एकच कागद :
अंकलेश्वर, क्वालिटी कंट्रोल, रात्रपाळी.

रातोरात सुरत पॅसेंजरनं गेले.
फाईल चाळता चाळता साहेबानं
माझ्या बोटावरचा डाग पाहिला.
"मतदान करून आलात?"
"नाही. केळं तपासत होते."
"मग? पिकलं?"

परतीच्या गाडीत,
नंदुरबार गेल्यावर
उत्तर सुचलं.