डबा बदलताना

आडगाव नाक्याच्या ट्रक टर्मिनलला
माझी गाडी तीन दिवस न्यूट्रलमध्ये.
इंजिन चालू, गिअर पडत नाही.
पडला तर एकदम तिसरा,
तोही न विचारता.

पहिल्या दिवशी रौफ मिस्त्री खाली सरकले,
गिअरबॉक्सच्या पोटाला कान लावून बाहेर आले.
"पोपटभाऊ, पोटात काही नाही.
हिचं डोकं फिरलंय."
आणि हात पुसले, जुन्या बनियनच्या फडक्याला,
एकेक बोट,
सावकाश.

दुसऱ्या दिवशी द्वारकेहून कौसर आली स्कूटीवर,
पाठीला लॅपटॉप, ओढणी कमरेला खोचलेली.
बॅटरीची निगेटिव्ह काढली
आणि मोबाईलवर वेळ लावून नुसती बसून राहिली.
म्हटलं, आता काय?
"दहा मिनिटं. आतला करंट उतरू दे.
माणूस गेल्यावर पण लगेच उचलत नाहीत ना."

चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला.
निघाला तो जेवणाच्या डब्याएवढा,
ॲल्युमिनियमचा, पाठीवर फासळ्या.
तेविसाव्या पिनेवर हिरवट बुरशी,
मोहरीएवढी.
एवढ्याशा ओलीनं
कसाऱ्याच्या चढावर अठरा टन मागे सरकले होते
आणि चाकाला दगड लाव म्हणून
मी क्लीनरच्या नावानं ओरडलो होतो.
क्लीनर सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती.

नवा डबा एक लाख बारा हजार.
सातपूरच्या भंगारातला बावीस हजार,
बिल नाही, गॅरंटी नाही,
वर मागच्या गाडीच्या नंबराचा चिकटलेला कागद,
नखानं अर्धा खरवडलेला.

कौसरनं केबल लावली. आकडे उतरू लागले.
"सात लाख चाळीस हजार चाललीय ही.
आणि आडवी झाली तेव्हाचं पण आहे आत."

वेग एकाहत्तर.
गिअर बारावा.
पहाटेचे तीन सत्तेचाळीस.
ब्रेक: शून्य.

शून्य म्हणजे दाबलाच नाही.
दाबलाच नाही म्हणजे
कौसर काही बोलली नाही, मीही नाही.
पलीकडे कुणी हातोडीनं टायर वाजवत होतं.
ठक. ठक. ठक. बद्द.

ती वेळ मला ठाऊक आहे.
डोळे उघडे असतात, हात स्टीअरिंगवर असतात,
फक्त मधला माणूस उतरून गेलेला असतो.
राहूडच्या उतारावर एकदा.
एकदा पिंपळगावच्या टोलच्या अलीकडे,
दिवे लग्नमांडवाचे वाटले होते.
माझ्या डब्यात यातलं काही नसेल.
काही झालं नाही, तर नोंद होत नाही.

"पुसू?" तिनं विचारलं.
पुसल्याशिवाय माझा चॅसिस नंबर बसणार नव्हता.
म्हटलं, थांब जरा.
खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला.
त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही,
कुणाचा माल होता तेही नाही.
मग म्हटलं, पूस.

एवढी हिरवी पट्टी सरकली. दीड मिनिट.

मग शिकवणी.
किल्ली ऑन, तीस मोजायचे. ऑफ, तीस मोजायचे.
खाली क्लच फुसफुसत पुढे-मागे,
आंधळ्यानं पाहुण्याचा चेहरा चाचपावा तसा.
"सुरुवातीला हळू हाका, भाऊ.
तिला अजून तुमचा पाय कळायचाय."
रौफ मिस्त्री लांबून बघत होते.
पहिला गिअर पडला तेव्हा
मान हलवली त्यांनी, कुणाला ते कळलं नाही.

तिसऱ्या रात्री दोनला निघालो, द्राक्षं भरून, इंदूरसाठी.
दहावा मैल येईपर्यंत दोनदा अडखळली,
मग लागली मार्गाला.
जुना डबा सीटखाली. देणार होतो भंगारात,
दिला नाही.

चांदवड मागे पडलं. पुढे घाट.
डॅशबोर्डवर तीन चाळीस.
झोप नव्हती, खरंच नव्हती.
तरी गाडी कडेला घेतली, पाय पूर्ण दाबला
आणि तसाच ठेवला थोडा वेळ,

त्याला लिहून घेऊ दे.