अर्थ लागत नाही

शिरोलीची कास्टिंगं पाठीवर
आणि उद्यमनगरच्या अरुंद गल्लीत
गाडी एकदाच म्हणाली, टक्.
मग काही नाही.
डॅशबोर्डावरचा लाल दिवा
झोपमोड झालेल्या माणसासारखा किलकिला झाला
आणि मिटला.

चौदा वर्षांची पिकअप.
दोन महिन्यांमागं बॅटरी नवी घातली,
हुक्केरीकडनं, निम्मी उधार.
मग सेल्फ उतरवला, ब्रश बदलले, बुश बदलले,
लिंबूही बदललं.
चौघांनी ढकलली की सुरू,
चहाला थांबलो की पुन्हा टक्.
हुक्केरीला मी भर दुकानात म्हणालो होतो,
"मेलेली बॅटरी गळ्यात मारलीस व्हय रं?"
तो बोलला नाही.
पाण्याची बाटली तेवढी पुढं सरकवली.
मी घेतली नाही.

दस्तगीर मुल्लाणीच्या चष्म्याची एक काडी
तांब्याच्या तारेनं बांधलेली.
बॉनेट उघडून आधी त्यानं काहीच केलं नाही,
नुसता उभा राहिला.
"मार सेल्फ."
टक्.
"परत मार. धरून ठेव."
वायरींवर एकेक करत हात ठेवत गेला, ताप बघावा तसा,
आणि ॲक्सिलरेटरची केबल
चिमटीत धरून चटकन सोडली.
"हात लाव हितं."
गरम.
"हिचा काय संबंध?"
"हमरस्ता बंद हाय, मालक.
करंट बोळातनं पळायलाय."

मीटर काढला.
बॅटरीवर बारा पूर्णांक सहा.
"ही पैलवान हाय. हिला नावं ठेवू नकोस."
लाल वायरीत खोट नाही.
मग एक कांडी उणे खांबावर,
दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर.
"मार."
पाच पूर्णांक चार.
"हितं शून्याच्या आसपास पायजे.
वाटंतच खातंय कोणतरी."
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"अर्थ लागत न्हाई तुझ्या गाडीला."

हसलो मी.
दोन महिने घरी मी हेच सांगत होतो,
वेगळ्या तोंडानं.
शाळेत कुंभोजकर बाई फळ्यावर
डावीकडं शब्द लिहायच्या, उजवीकडं अर्थ,
मधे आडवी रेघ.
त्या रेघेतही गंज बसतो,
हे परीक्षेला नव्हतं.

जाड जंपर एक आणला त्यानं,
उण्यापासून थेट इंजिनला.
"आता मार."
आणि गाडी उठली.
अशी उठली की पलीकडच्या लेथवरचा पोरगा
मान वळवून बघायला लागला.

तेवढ्यावर थांबला नाही.
पोत्यावर पाठ टेकून खाली शिरला,
खालनंच विचारलं,
"चासी कधी रंगवलीस?"
"गेल्या साली. पासिंगला."
"रंगावरच बोल्ट आवळलाय.
घट्ट हाय, पर टेकलेला न्हाई."

जुनी काळी केबल त्यानं ब्लेडनं उभी चिरली.
वरून चकचकीत, आत
तांब्याचा पत्ता नाही,
मोरचुदाच्या रंगाची भुकटी
माझ्या पँटवर सांडली.
पॉलिश पेपरनं तो
लोखंड लोखंडासारखं दिसेतोवर घासत राहिला,
नवी पट्टी, नवं लग, वर ग्रीसचं बोट.
"किती?"
"तीनशे साठ."
सेल्फ, लिंबू, बॅटरी यांची बेरीज
मी केली नाही.

हुक्केरीच्या दुकानासमोर गाडी बंद केली.
मुद्दाम.
उरलेली उधारी काउंटरवर ठेवली,
आणि जे बोलायचं ठरवून आलो होतो
त्याऐवजी विचारलं,
"माझी जुनी कुठं हाय?
बदल्यात दिली होती ती."
"ती?" नोटा मोजत तो म्हणाला,
"गगनबावड्याकडं गेली. एका ट्रॅक्टरला.
चांगली होती की. एका किल्लीत उठतोय."

गाडीत येऊन बसलो.
तो दारात उभा होता, बघत.
किल्ली घातली,
आणि फिरवायच्या आधी
हात उगाच थोडा थांबला.