रक्ताचं तेल

अठ्ठ्याण्णव साली, कोलोनमध्ये,
टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला
मला नोकरी होती रंग बदलण्याची.

खेळ परदेशातून यायचा, तयार, लालभडक.
आपल्याकडे तो तसा आणला
आणि बॉनच्या कचेरीने यादीत घातला
की गेला काउंटरखाली:
पोस्टर नाही, जाहिरात नाही,
वय दाखवा आणि हळू आवाजात मागा.
मालक म्हणाला, फोल्कमार,
त्यांच्या आधी आपणच कात्री लावू.

तर लाल: एकशे ऐंशी, शून्य, शून्य.
त्याच्या जागी हिरवा: चाळीस, एकशे साठ, साठ.
आठशे बारा चित्रं.
लोक रक्ताचं पाणी करतात,
मी रक्ताचं तेल केलं.
सैनिकांच्या गालांवर पत्रा ठोकला,
डोळ्यांत दिवे बसवले,
किंकाळीच्या जागी भरला
माझ्याच घरच्या मिक्सरचा आवाज, अर्ध्या वेगाने.
माणूस मारला की फाइल बॉनला.
यंत्रं कितीही मारा.

हसायचो आम्ही, खोटं कशाला बोलू.
डेटलेफकडून एकदा एक हात राहून गेला:
पत्र्याच्या मनगटाला पाच गुलाबी बोटं,
एका बोटात अंगठी.
त्याने ती पुसली, कॉफी आणायला गेला.
तिकडे, मूळ खेळात,
दोन ठिपक्यांची ती अंगठी
कुणी बसून रेखाटली असेल, कशासाठी,
हे आमच्यात कुणी विचारलं नाही.

शेवटचं काम प्रेतांचं.
पडलेलं यंत्र दोन सेकंदांत विरायला हवं.
असं कुठे लिहिलेलं नव्हतं.
पण पडून राहिलेलं काही
कचेरीला खपत नाही, असा आमचा समज.

नाताळात संगणक जीगेनला नेला, बहिणीकडे.
तिचा टोर्बेन, अकरा वर्षांचा, खेळायला बसला.
मागे खुर्चीत आजोबा एवाल्ड.
कूरलांडच्या आघाडीबद्दल त्यांनी आयुष्यात
एकच वाक्य सांगितलं होतं,
तेही बटाट्यांबद्दल.
बघत राहिले. चष्मा पुसला. पुन्हा बघत राहिले.
मग टोर्बेनला नाही, मला विचारलं,
"हे पडलेले जातात कुठे?"
नाहीसे होतात, आजोबा. दोन सेकंदांत.
"उचलतं कोण?"
कुणी नाही.
"हं."
आणि बऱ्याच वेळाने,
"आमचे मार्चपर्यंत होते.
बर्फ होतं ना."
बहिणीने केक कापला. टोर्बेन जिंकला.

अठरा पूर्ण झाल्यावर तो गाडी काढून
साल्झबुर्गला गेला, लाल आवृत्ती घेऊन आला.
सीमेवर कुणी डिकीसुद्धा उघडली नाही.
आता तो हागेनला रुग्णवाहिकेवर असतो.
यावरून कुणी काही सिद्ध करू नये.
मला विचारतो, मामा,
तुम्हाला नक्की भीती कशाची वाटायची? आमची?
मी म्हणतो, यादीची.
तेवढंच मला खात्रीने माहीत आहे.

लाइपझिगच्या प्रदर्शनात एकदा
कचेरीतल्या एक बाई भेटल्या,
इर्मेला की काय नाव, गळ्यात वाचायचा चष्मा.
पंधरा वर्षं असले खेळ खेळून
त्यांचा अंगठा दुखत असे.
म्हटलं, तुमच्यासाठी मी प्रेतं पुसायचो.
त्या थांबल्या.
"ती पुसा असं आम्ही कधी म्हटलं?"
मी आठवून पाहिलं.
रक्ताबद्दल म्हटलं होतं. हातपाय तुटण्याबद्दल.
प्रेतांबद्दल, खरंच, कधीच नाही.

आजोबा गेले त्या वर्षी
जुनी फाइल उघडली.
दोनच्या जागी डिसेंबर ते मार्च लिहिलं:
सत्त्याहत्तर लाख शहात्तर हजार सेकंद.
आणि खेळायला बसलो.
एक पडला, राहिला. दुसरा. सातवा.
दारात खच पडला,
मला पुलाकडे जाता येईना,
जो तो पायात येत होता.
एकेचाळिसाव्याला
चित्र गोठलं.
कळ दाबून पाहिली.
मिक्सर तेवढा चालू होता.