अर्थ लागत नाही

दादांची हेरल्ड, एकोणसत्तरची,
रंग कधीकाळी मोरपंखी.
रेडिओ चालतो, पण गाडी बंद असली तरच.
किल्ली फिरवली की बातम्यांत
कुणीतरी सुपारी कातरायला बसतं,
कट् कट् कट्,
आणि ॲक्सिलरेटर दाबला की
पाहुणे दारात आल्यासारखी घाई.

सारडा सर्कलमागचा अल्ताफ मणियार
उर्दू शाळेतला, म्हणून माझ्या तावडीतून सुटलेला.
डॅशबोर्डला कान लावून म्हणाला,
बाई, आवाज दोन आहेत.
कटकट प्लगची.
तिच्याखाली बारीक कुईं, ती डायनामोची.
इतकी वर्षं मला एकच ऐकू येत होता.

कॉइलला त्यानं अंगठ्याएवढा कंडेन्सर लावला,
बॅटरीकडच्या टोकाला. पॉइंटकडं लावला
तर गाडी रुसते.
दुसरा डायनामोच्या जाड तारेला;
बारीक तारेला हात लावायचा नाही.
प्लगांना काळ्या टोप्या घातल्या, बाळांना घालतात तशा.
"आवाज मारायचा नसतो, बाई.
त्याला घरी जायला जवळची वाट दाखवायची."

तरी कटकट उरलीच.
मग बॉनेट नाकावर उलटं पाडून
त्यानं एरियलच्या बुडाशी बोट फिरवलं.
बोट तांबूस.
"हे बघा. अर्थच लागत नाहीये."

एकतीस वर्षं मी हेच वाक्य
वह्यांच्या समासात लाल शाईनं लिहिलं
आणि एकदाही कुणाच्या हातात
सँडपेपर दिला नाही.

तो घासत बसला.
मोरपंखीखाली निळा, निळ्याखाली करडा, मग लांबी,
मग एकदम उघडं, चकचकीत लोखंड.
दादा गंज दिसला की वरून रंग मारत.
तांब्याची विणलेली पट्टी तिथं आवळली,
दुसरं टोक बॉडीला.

त्र्यंबक रस्त्यानं निघालो.
सातपूरच्या तारांखाली रेडिओ जरा गुरगुरला,
पुढं साफ.
बाजारभाव चालले होते. पिंपळगाव, टोमॅटो, वीस किलोचं क्रेट,
आणि निवेदिकेनं पान उलटलं
ते मला ऐकू आलं.

महिरावणीच्या पुढं, खर्र.
पुन्हा खर्र. ना लय, ना वेगाशी संबंध.
अल्ताफनं गाडी बंद करायला लावली.
तरी खर्र.
तेव्हा तो काचेतून समोर बघायला लागला.
अंजनेरीमागं ऑक्टोबरचे ढग.
आभाळ लुकलुकलं, त्याच क्षणी रेडिओत खर्र.
गडगडाट आलाच नाही, इतकी दूर वीज.
"ही आपली नाही, बाई."
हिला कंडेन्सर?
"मिळाला तर सांगा. दुकान मोठं करू."

बिलावर त्यानं लिहिलं:
रेडिओचा आवाज बंद केला, रु. ६४०.
पर्समध्ये लाल पेन अजून असतं.
काढलं, टोपण उघडलं,
'बंद'वर टेकवलंसुद्धा.

अर्थ लागत होता.
पैसे दिले.