बारावा पडदा

मोकळी तार खरं बोलते.
बाराव्या पडद्यावर दाबली की
केसभर चढते.

"हिची घोडी मागं घ्यायला हवी," रुझार म्हणाला,
आणि पेचाकडं बघून गप्प झाला.
सहा मोसम कोलव्याच्या शॅकमध्ये वाजलेली गिटार,
खारा वारा आट्यांत शिरून बसलेला.
डोकं मात्र मीच गुळगुळीत केलेलं,
भलत्या मापाच्या पेचकसानं,
लग्नाच्या बँडची गाडी दारात हॉर्न देताना.

कोणी केलं, त्यानं विचारलं नाही.
तेलाचा थेंब सोडून चहा प्यायला.
रबरबँड मध्ये धरून बघितला. नाही.
सोल्डरची तापली सळई टेकवली. नाही.
मग आरीच्या तुटक्या पात्यानं
डोक्यावर नवी खाच पाडली,
श्वास धरून,
तान्ह्याचं नख कापावं तशी.

कर्र.
टेबलावर चिमूटभर गंज.
पाव फेरा. तार लाव. ऐक.
अजून पाव.

कुडतरीच्या वाटेवर पोदेराचा भोंपू वाजला.
"तोही चढाच," रुझार हसला.

आता दोन्ही स्वर एकमेकांवर बसतात,
जवळजवळ.
नव्या पेचाचे म्हणून मी पैसे काढले,
त्यानं परत खिशात कोंबले:
"फिरतोय की हाच."