लोखंडाचं उष्टं

आगशीच्या खाजनात, आठव्या मीटरला,
बोअरची नळी आपल्याच वजनाने खाली गेली.
हातोड्याचा एकही घाव लागला नाही.
सुपरवायझरने रकान्यात शून्य लिहिलं
आणि पेनाचं टोपण शोधत बसला.

नळीतून निघाली ती काळपट निळी,
बांगड्याच्या पाठीसारखी ओली.
अंगठा दाबावा तर रेघन् रेघ ठेवून घेते.
हिच्यावरून चौपदरी रस्ता जायचा आहे.

कायतान मानशीचं दार सांभाळतो,
भरतीला बंद, ओहोटीला उघडं.
त्याने चिमूटभर नाकाशी धरली.
"बाय, ही माती न्हय गो.
समुद्र बसलाय इथे. उठायचं विसरलाय."

मी नमुन्याला चिठ्ठी लावली:
बोअर सात. ताकद अकरा किलोपास्कल.
अकरा म्हणजे किती, त्याने विचारलं.
म्हणजे नुसत्या टाचेवर उभे राहिलात
तर टाच आत जाईल.
"ते मला ठाऊक होतं," कायतान म्हणाला,
"चिठ्ठी न लावता."

प्रयोगशाळेत दोन पोती.
एकावर चुना असं लिहिलंय, दुसरं कोरं.
कोऱ्यात आमोण्याच्या भट्टीची मळी,
दळून, चाळून, मैद्यासारखी.
त्या भट्टीवर बाबा एकोणीस वर्षं रात्रपाळीला होते.
लोखंड जड, ते तळाला; मळी वर तरंगायची.
लोखंडाचा हिशेब टनात, मळीचा कुणीच ठेवत नसे.
पाण्याच्या फवाऱ्यात ती तडतडत फुटायची
आणि बाबांच्या सदऱ्याला जिऱ्याएवढी भोकं पडायची.
आई ती मोजायची, शिवायची नाही.
"लोखंडाचं उष्टं," बाबा म्हणायचे
ढिगाकडे न बघता.

शंभर भाग मातीला पंधरा मळी, पाच चुना.
कालवता कालवता एक वेळ अशी येते
की माती बोटं सोडते,
रव्यासारखी सुटी होते.
मग साच्यात ठोकायची, प्लास्टिकात गुंडाळायची,
आणि अठ्ठावीस दिवस हात लावायचा नाही.

कायतान म्हणाला, आम्हीही थांबायचो.
बांधाला चिखल, वर गवत, वर पुन्हा चिखल,
मग अमावास्या ते अमावास्या
कुणी पाय ठेवायचा नाही, बकरीनेसुद्धा.
मी म्हटलं, ते साडेएकोणतीस होतात.
"मग तुमचं दीड दिवस कच्चंच राहणार."

अठ्ठाविसाव्या दिवशी
बोअर तीन तीनशे वीसला फुटला,
बोअर पाच तीनशे चाळीसला, खणखणीत,
भाजलेल्या कौलासारखा.
सातने साठलाच मान टाकली.
तिन्ही साचे. साठ, अठ्ठावन्न, एकसष्ट.
फोडून पाहिला तर आत मूळ निघालं,
करंगळीएवढं, कुजकं, अजून तांबूस.

साहेब म्हणाले, सात वगळा, सरासरी छान येते.

मी पाय धुऊन मानशीवर गेले.
कायतानने मूळ उन्हात धरलं.
"आज्याच्या वेळेला बांध फुटलेला इथे.
अकरा वर्षं कांदळच होतं. मागून कापलं, भात लावलं.
तुझ्या नकाशात नसेल."
नव्हतं.
कुजकी मुळं चुना खातात, हे पुस्तकात आहे.
कुठली मुळं कुठे, हे नाही.

अहवालात मी सात ठेवला. साठच लिहिलं.
चुना पाचचा आठवर नेला
आणि नवे साचे भरले.
साहेब दोन दिवस माझ्याशी फक्त फाईलमधून बोलले.

रविवारी घरी गेले, पाचचा अर्धा तुकडा घेऊन.
बाबांनी तो नखाने खरवडला,
चष्मा वर केला, पुन्हा खरवडला.
"ही आमचीच?"
मी म्हटलं, शंभराला पंधरा.
"बाकीचं?"
चिखल.
ते काही बोलले नाहीत.
पंख्याखाली वर्तमानपत्र फडफडत होतं,
त्यावर त्यांनी तुकडा ठेवला
आणि खालची बातमी वाचू लागले.

सातचे साचे उघडायला अजून अकरा दिवस आहेत.
कायतान रोज विचारतो.
मी रोज सांगते, झाकलेत.