जहाज फुटतंच, काका

आधी हे मनावर घ्या, काका:
जहाज फुटतं.
तुमचं फुटेल. माझं कालच फुटलं,
दूध उतू जातंय म्हणून उठले तेवढ्यात.
तेव्हा जे गेलं तर जेवण जाणार नाही
असलं महागडं घेऊन गोदीबाहेर पडायचं नाही.
स्वस्तातलं घ्या. दोन घ्या. विमा उतरवा.

गायखे काका मान डोलावतात.
एकतीस वर्षं ओझरला
लढाऊ विमानांच्या पोटाखाली उताणे पडून
रिव्हेट मारले त्यांनी, चालवलं एकही नाही.
निवृत्तीच्या दिवशी कॉकपिटात बसवून फोटो काढला,
त्यात दोन्ही हात मांडीवर,
पाहुण्याच्या घरी ठेवतात तसे.

आता सिडकोत, माझ्या खुर्चीत, कानटोपी घालून,
खाली कोणाच्या तरी टीव्हीवर निफाडचा पारा सहावर,
आणि माऊस असा धरलाय
जणू चटका बसेल.

खाली तीन पट्ट्या दिसतात ना?
पहिली शिल्ड. आपोआप भरते, तिचं दुःख नको.
दुसरी चिलखत.
तिसरी नुसता सांगाडा, तिथवर थांबायचंच नाही.
शिल्ड अर्ध्यावर आली की निघायचं.
लाज कसली? पळणं हे इथे एक बटण आहे,
फक्त दाबल्यावर अकरा सेकंद लागतात,
म्हणून मरायच्या अकरा सेकंद आधी दाबायचं.
‘ते कधी, हे कसं कळणार?’
नाही कळत.
म्हणून तर फुटतं.

एका जागी उभं राहू नका.
शत्रूवर सरळ जाऊ नका, त्याच्याभोवती फिरा,
द्वारका सर्कलला आपण फिरतो तसं रखडत नाही,
जवळून, जोरात,
त्याच्या तोफेची मान अवघडली पाहिजे.
आणि अनोळखी कोणी म्हणालं, या, खाण दाखवतो, सोनं फुकट,
तर रविवार कारंजावर तुम्ही त्याच्यामागे गेला असता का,
एवढंच स्वतःला विचारा.

तिसऱ्या रात्री दोघांनी गाठलं त्यांना
दगडांच्या पट्ट्यात.
दाबा, काका! दाबा!
ते पडद्याला नाक लावून:
‘मार कुठे बसलाय? पंखाला? सांध्याला?
एवढं मोठं यान आणि तडा कुठे ते दाखवत नाही?’
इथे फक्त टक्के असतात, काका.
मग टक्केही नव्हते.

स्थानकात नवं शरीर मिळालं त्यांना, फुकटातलं.
‘आणि आतला माणूस?’
तुम्हीच की तो.
बराच वेळ कानटोपीची गाठ सोडत बसले.
मग म्हणाले, एकदा एक विमान परत आलं नव्हतं.
चौकशीला आमच्या पाळीचे कागद मागवले.
पंधरा दिवस घास उतरला नाही.
निघाला पक्षी.
पक्षीच होता, असं लिहून आलं.

मी चहा टाकला. त्या रात्री पुढचा धडा झाला नाही.

नंतर त्यांनी तोफा विकल्या. सगळ्या.
दुरुस्तीचं जहाज घेतलं, बोजड, भोपळ्यासारखं,
नाव ठेवलं ‘बारा-तेरा’,
त्यांच्या जुन्या पान्याचं माप.
आमच्या सात जणांच्या टोळीत, मालेगावचा एक पोरगा,
जाकार्ताची एक डॉक्टर, बाकीचे कुठले कुठले,
सगळ्यांच्या मागे ते तरंगत असतात
आणि ज्याची पट्टी उतरेल त्याच्यावर
निळा झोत धरतात.
मराठी न कळणारेही आता ओरडतात, काका! काका!

काल पुन्हा घेरलं. शिल्ड अर्ध्यावर.
हेडफोनात शांत आवाज, वरच्या मजल्यावरून,
छतातूनही तोच, किंचित उशिरा:
‘वैजू, निघ तू. झोत आहे माझा.’
तुमची तिसरी पट्टी लाल झालीय, काका,
अकरा सेकंद लागतात, लक्षात आहे ना?

‘मोजतोय,’ म्हणाले.